रेडिएटरमधली हळद

आबा, चिंचेखालची गाडी उघडली. तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं. आधी रेडिएटर उतरवला, मग इंजिनाचं हेड काढलं. हळद निघाली नाही. नळ्या स्वच्छ होत्या. हे पहिल्यांदाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांत ऐकता येईल. शेवट आधी ऐकायची तुमची सवय मला ठाऊक आहे. गिऱ्हाईक गाडीची रामकहाणी सुरू करायचं, परवा कुठं गेलतो, कुणाला बसवलं, कुठं चहा पिला, आणि तुम्ही बोनेटवर हात ठेवून म्हणायचात, "पानी कमी व्हतंय का न्हाई, तेवढं सांग." बिचारं हिरमुसायचं.

इतकी वर्षं हात लावला नाही आणि आताच का उघडली, असं तुम्ही विचाराल. रस्ता मोठा होतोय. खुणा मारून गेलेत. चिंच जाणार, आणि गॅरेजचा पुढचा निम्मा भागही जाणार. मागं जे उरेल त्यात एक मोटारसायकल आडवी लावली तर माणसानं उभं कुठं राहायचं, असा प्रश्न आहे. गावातले लोक येता-जाता विचारतात, ताई, मग पुढं काय? मी सांगते, पुढं रस्ता. भंगारवाला क्रेन घेऊनच आला होता. जीपभोवती फेरी मारली, टपावरचा पाला झाडला आणि म्हणाला, "ताई, हिच्यात आता काय ऱ्हायलंय? सरडे अन् चिमन्या." मी म्हटलं, थोडं थांब, मला हिच्यात एक बघायचंय. "इतक्या वर्सानं?" म्हणून तो हसला. हसायला त्याचं काय जातंय.

गाडीची गळती शोधायला तुम्हाला लागायचं ते सगळं आईच्या स्वयंपाकघरातलं. पाइपाला कुठं बारीक चीर आहे ते बघायला रिठ्याचा फेस हवा, तो आई डोकं धुवायला काढून ठेवायची त्या भांड्यातून तुम्ही उचलायचात. सायलेन्सरच्या जोडातून धूर निसटतोय का ते बघायला उदबत्ती हवी, ती देवळीतून. जोडाच्या कडेनं उदबत्ती हळूहळू फिरवायची आणि तिचा सरळ जाणारा धूर जिथं थरथरेल तिथं खूण करायची. एकदा आई चुलीपुढून उठून दारात आली, हाताला पीठ तसंच. "देवाची उदबत्ती सायलेन्सरला ओवाळता व्हय? जरा तरी लाज धरा." तुम्ही जीपच्या खालूनच म्हणालात, "देवाला धूर कुठनं येतोय ते म्हाईत हाय. मला न्हाई." ती तोंडाला पदर लावून हसत आत गेली. मी तुमच्या शेजारी उताणी पडून वर बघतेय, अंगाखाली पोत्याचं तरट, नाकात उदबत्ती आणि डिझेल असा मिसळून वास. तसा वास मला दुसऱ्या कुठल्या घरात आला नाही, सासरी तर नाहीच.

आजोबा मेंढरं वळायचे, आणि आजारी मेंढराच्या पोटाला कान लावून त्याला काय झालंय ते सांगायचे, असं तुम्ही सांगायचात. तुम्हीही तसेच लांब पान्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावायचात. मुलगी म्हणून मला तुम्ही कधी लांब बसवलं नाही. उलट सगळ्यांत जास्त बोलणी मीच खाल्ली. एकदा एका टेम्पोची गळती मी एकटीनं शोधली. पाणी कमी होत होतं आणि जमिनीवर थेंब नव्हता. मी सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरं फडकं धरलं, ते ओलं झालं, आणि रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे दिसले. म्हणजे जाळ आणि पाणी वेगळं ठेवणारं आतलं गॅस्केट गेलंय, पाणी धुरातून बाहेर जातंय. शाबासकी मिळेल म्हणून मी तुमच्याकडं पळत आले. तुम्ही हात पुसत होतात. वर न बघता म्हणालात, "गळती सापडली म्हंजी काम झालं न्हाई. ती कावून झाली ते सांग." मी पुन्हा ओलं फडकंच दाखवलं. "मग अर्धंच बघितलंस," एवढं बोलून तुम्ही जेवायला गेलात. मला इतका राग आला की त्या दिवशी मी तुमच्याबरोबर जेवले नाही. पण ते वाक्य डोक्यात बसलं ते बसलंच.

आणि हळदीचा तुम्हाला भारी तिटकारा. आपल्याकडचे सगळेच ड्रायव्हर रस्त्यात रेडिएटर गळायला लागला की पुडीभर हळद आत टाकतात. हळद पाण्यात फुगते, चिरेत जाऊन बसते, गळती थांबते आणि माणूस घरी पोचतो. पण ती नुसती चिरेतच बसत नाही. बारीक नळ्यांतही बसते, आणि मग पाणी फिरायचं थांबतं. हळद घातलेली गाडी दारात आली की तुम्ही गिऱ्हाईकाला उभं-आडवं झाडायचात. "हळद पोरीला लावत्यात, बे. रेडिएटरला न्हाई."

तर माझ्या लग्नाला निघालो तो दिवस. माहेर नांदूरघाट आणि सासर घाटनांदूर, त्यामुळं लग्न ठरल्यापासून सगळे चिडवत होते की पोरगी कुठं जाणार न्हाई, नुसती उलटी होऊन बसणार. लग्न तिकडंच होतं. वऱ्हाड ट्रकमध्ये पुढं गेलं आणि आपण तिघं मागून जीपमध्ये, कारण नवरीला धूळ नको असं आईचं म्हणणं. केज ओलांडून चढ लागला आणि पुढून वाफ आली. तुम्ही उतरून बघितलंत. खालच्या टाकीचा सांधा उकलला होता आणि पाण्याची बारीक धार लागली होती. जवळ चीर बुजवायला साबण नाही, डाग द्यायला शेगडी नाही, मुहूर्त डोक्यावर आलेला. तुम्ही रस्त्याच्या कडेला उकिडवे बसलात. तुम्हाला असं हात टेकून बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मग आई मागच्या सीटवरून उतरली. तिच्या मांडीवर हळदीचं गाठोडं होतं. बायकांनी गाणी म्हणत घरच्या जात्यावर दळलेली माझ्या लग्नाची हळद. तिनं गाठ सोडली आणि ओंजळ भरून तुमच्यापुढं धरली.

"न्हाई," तुम्ही म्हणालात.

"तिच्याच लग्नाची हाय. तिच्या गाडीला लागली तर काय बिघडलं?"

"अगं, नळ्या बुजत्यात."

"उद्या काढा धुऊन. आज पोरगी पोचू द्या."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. नवरीनं बोलायचं नसतं असं मला त्या दिवशी सकाळपासून प्रत्येकीनं बजावलं होतं. तुम्ही टोपण उघडलंत आणि आईनं स्वतःच्या हातानं हळद आत सोडली. थोड्या वेळानं धार थांबली. आई इतकी खूश झाली की उरलेली हळद तिनं बोनेटला बोटानं लावली, तुमच्या गालाला लावली, आणि तुम्ही चिडायचं विसरून गेलात. आपण मुहूर्ताला पोचलो. तो दिवस माझ्या आयुष्यातला फार चांगला दिवस होता, हे मला आजही म्हणायचंय, पुढं काहीही झालं तरी.

उद्या काढा धुऊन, असं ठरलं होतं. तुम्ही बाहेरून सांध्याला डाग दिलात आणि रेडिएटर उतरवायचं पुढं ढकललंत. दारात लोकांच्या गाड्यांची रांग, त्यात घरच्या गाडीची पाळी कधी येणार? दिव्याखाली अंधार. मी माहेरी आले की विचारायचे, आबा, हळद काढली का? तुमच्या आधी आईच बोलायची, "ऱ्हाऊ द्या माझी हळद. लई गुनाची हाय. गाडी बरी चाललीय की." आणि चाललीही होती. तापमानाचा काटा थोडा वर असायचा, पण उन्हाळ्यात कुणाचा नसतो?

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आईच्या छातीत दुखायला लागलं. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला तुम्ही तिला त्याच जीपमध्ये बसवलंत. पुढचं मी बघितलेलं नाही. तुम्ही एकदाच सांगितलंत, तेही भिंतीकडं बघून. त्याच चढाला गाडी तापली, टोपण उडालं आणि इंजिन बंद पडलं. दुपारची वेळ, रस्ता सुना. तुम्ही एका हातानं आईला धरलं होतं आणि दुसऱ्यानं येणाऱ्या गाडीला हात करत होतात, पण गाडी येतच नव्हती. एक ट्रक थांबला तेव्हा तिला चढवण्यात काही अर्थ उरला नव्हता. मी घाटनांदूरहून आले तेव्हा तिला अंगणात निजवलं होतं आणि तुम्ही चुलीपाशी बसून होतात, जिथं तुम्ही कधी बसत नव्हतात. मला तुमचा राग आला, आणि माझाही. माझं लग्न झालं नसतं तर, असं मनात आलं. ते तेव्हा आलं आणि मग कधी गेलंच नाही.

जीप दोर बांधून ओढत आणली ती थेट चिंचेखाली लागली. तुम्ही तिचं बोनेट उघडलं नाही. साऱ्या तालुक्याच्या गळत्या शोधणारा माणूस, पण स्वतःच्या गाडीकडं पाठ करून काम करायला लागला. नवऱ्याला घेऊन मी माहेरी राहायला आले, तो तुमच्या शेतात रमला आणि मी गॅरेजात. पुरुषाचा शर्ट साडीवर चढवून बाई गाड्या खोलते म्हणून लोकांना चार दिवस करमणूक झाली, मग सवय झाली. आपण शेजारी शेजारी काम केलं, बोललो, भांडलोही. पण चिंचेच्या बाजूला एखादा पाना घरंगळत गेला तर तुम्ही तो उचलायला मला पाठवायचात. स्वयंपाकातसुद्धा तुम्ही हळद घालू देत नव्हतात. आपल्या घरचं वरण कितीतरी वर्षं पांढरं होतं, आणि पाहुणे विचारायचे तेव्हा मी सांगायचे, आबांना पथ्य आहे.

शेवटच्या आजारात तुम्ही मला जवळ बोलावलंत. "मला न्हाई बघवलं. मी गेल्यावर तू उघड. हळदीनंच झालं का, ते बघ. अन् सांग मला."

"गेल्यावर कसं सांगू, आबा?"

"सांग तू. मी ऐकतो."

तुमच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं, भटजी घड्याळाकडं बघायला लागले, भावकीतल्या लोकांनी नाही नाही ती वचनं दिली. शेत विकणार न्हाई म्हणाले, गॅरेज चालू ठेवू म्हणाले, नारायणगडला जाऊन येऊ म्हणाले. मी मनात म्हटलं, उघडीन गाडी आणि सांगीन. कावळा आला. त्याला तेव्हाच भूक लागली असेल, मला माहीत आहे. पण वचन दिलं ते दिलं. दिल्यावर इतकी वर्षं पाळलं नाही, कारण तुमच्यासारखीच मीही घाबरत होते.

आता ऐका. नट गंजून गेले होते. आदल्या दिवशी रॉकेल सोडून ठेवलं तेव्हा कुठं हलले. बोनेटखाली चिमणीचं जुनं घरटं होतं, ते बाजूला ठेवलं. हेड उचललं तर मधल्या दोन सिलिंडरांच्या मध्ये गॅस्केट जळालेलं, काळा पट्टा स्पष्ट दिसत होता. तिथून आतला जाळ पाण्यात घुसला, त्यानं टोपण उडवलं आणि पाणी फेकलं. असं गॅस्केट रस्त्यात तुम्हीच काय, कुणीच बदलू शकलं नसतं. रेडिएटरच्या नळ्या स्वच्छ होत्या. तुमचा काही दोष नव्हता, आईचाही नव्हता. तुम्ही उगीच इतकी वर्षं पाठ करून बसलात. इथवर काल लिहिलं आणि कागद घडी घालून देवळीत ठेवला.

आज एक दूध गोळा करणारा पिकअप घेऊन आला. नव्या गाड्या तुम्ही बघितल्या नाहीत. धुरातलं विष कमी व्हावं म्हणून त्यांत थोडा धूर परत इंजिनात फिरवतात, आणि तो आधी थंड करायला एक पेटी असते. पेटीत एका अंगानं धूर जातो आणि दुसऱ्या अंगानं पाणी. ती आतून फुटली की पाणी गुपचूप धुरात जातं, खाली थेंब पडत नाही. तो म्हणाला, "ताई, पानी कुठं जातंय तेच कळंना. दुसरीकडं गेलतो तर म्हनले, पत्रा मारून पेटीच बंद करून टाकतो." मी पेटी उतरवली, एका बाजूनं पाणी भरलं, दुसऱ्या बाजूनं थेंब यायला लागले. त्याला दाखवलं. त्याचा जीव भांड्यात पडला. "सापडली म्हना की! टाका दुसरी, मी चाललो." आणि माझ्या तोंडून तुमचा आवाज निघाला, "गळती सापडली म्हंजी काम झालं न्हाई. ती कावून झाली ते सांग." मी विचारलं, पाणी कुठलं घालतोस? "बोरचं. दुसरं कुठलं घालू?" पेटीत क्षाराचा थर साचला होता, आणि त्या थरानंच पेटी तापून फुटली होती. त्याला ते सगळं नीट समजावून सांगितलं. तो गेल्यावर मी हातातला पाना खाली ठेवला, घरात आले आणि देवळीतला कागद पुन्हा काढला.

गॅस्केट जळालं होतं हे खरं आहे, आबा. पण गॅस्केट आपोआप जळत नाही. गाडी तापली म्हणून जळालं. काल लिहायला बसण्याआधी रेडिएटरची वरची टाकी उकलली तेव्हा निम्म्याहून जास्त नळ्यांची तोंडं बुजलेली होती. मी तार घालून खरवडलं तर सुकलेला भुगा हातावर पडला. गंज असेल म्हणून पाण्यात टाकला. गंजाचं पाणी तांबडं होतं, क्षाराचं पांढरं. हे पिवळट झालं. तरी मी म्हटलं, माती असेल, काहीही असेल. बोटाला डाग पडला होता, म्हणून मोरीवर जाऊन साबण लावला. डाग लाल झाला. साबण लागला की हळदच अशी लाल होते, हे मला आईनं माझी लग्नाची साडी धुताना दाखवलं होतं. मी मोरीवरच खाली बसले आणि खूप रडले. नवरा शेतातून आला, त्यानं विचारलं काय झालं, मी म्हटलं, डोळ्यात रॉकेल गेलं.

परवा तुमचं पित्र आहे. हे कागद ताटाशेजारी ठेवायचे म्हणून लिहायला घेतले होते, ते आता ठेवणार नाही. भंगारवाल्याला उद्या ये म्हणून निरोप दिलाय, तो रेडिएटरसकट सगळं घेऊन जाईल. ताट वाढीन, वरण तुम्हाला चालायचं तसं पांढरंच करीन, आणि अंगणात उभी राहून मोठ्यानं सांगीन, आबा, हळद निघाली न्हाई. गिऱ्हाईकाला मी कधी खोटं सांगितलं नाही, तुम्हाला सांगणार आहे. बोटाचा डाग अजून निघालेला नाही. ताट ठेवताना तो हात पदराखाली झाकून घेईन.